गावातलं वाचनालय मोबाईलवर घालताना: कपाटं, कप्पे आणि देवघेवीचं टेबल

व्हर्च्युअल लायब्ररी म्हटलं की डोळ्यासमोर येतात त्या लाकडी फळ्या, त्यावर ओळीनं पुस्तकं, कोपऱ्यात एखादा पिवळा दिवा, आणि मीही तिथूनच सुरुवात केलेली, खोटं कशाला बोलू. बेळगावच्या पश्चिमेला आमचं गाव, गावात एक वाचनालय, साडेतीन हजारांच्या आसपास पुस्तकं, चार लोखंडी आणि सात लाकडी कपाटं. कमिटीतले एक काका म्हणाले, "तू कंप्युटरचं करतोस न्हवं, मग आमचं वाचनालय मोबाईलवर घाल की." घालतो म्हटलं. दोन आठवड्यांत होईल वाटलेलं, आठ महिने गेले. त्यातले निम्मे महिने मी वाचनालय दिसतं कसं त्याच्या मागं होतो आणि तिथं माणसं करतात काय ते बघितलंच नव्हतं. तेवढे तुमचे महिने वाया जाऊ नयेत म्हणून क्रमाने सगळं लिहितोय. येळ्ळूर, कडोली, उचगाव, खानापूर, निपाणी, कुठंही असलं वाचनालय असेल तर उपयोगी पडेल, आणि शाळेच्या लायब्ररीलाही चालेल.

पायरी १: लॅपटॉप घरी ठेवा, वाचनालयात जाऊन बसा

वही-पेन घ्यायचं आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेसात बसायचं, निदान तीन दिवस. कुणाला काही विचारायचं नाही, नुसतं बघायचं.

मला पहिल्याच दिवशी दिसलं की थेट कपाटाकडं कुणी जातच नाही. चप्पल पायरीवर, मग उजव्या हाताला पेपरचं टेबल, तिथं उभ्याउभ्या तरुण भारत नाहीतर पुढारी चाळायचा, मग ग्रंथपाल मामांच्या टेबलाकडं. मामांच्या डाव्या हाताला एक गठ्ठा असतो, आज परत आलेल्या पुस्तकांचा, अजून कपाटात न गेलेल्या. बायका आल्या की आधी तो गठ्ठा उपसतात. कारण साधं आहे, जे पुस्तक कुणीतरी आत्ताच वाचून आणून दिलंय ते वाचण्यासारखं असणार. एक काकू तर पुस्तक उचललं की आधी शेवटचं पान उघडायच्या, तिथं तारखांच्या शिक्क्यांची चिकटवलेली चिठ्ठी असते ना, ती बघायच्या. शिक्के दाटीवाटीनं असले की पुस्तक पिशवीत, दोनच शिक्के असले की परत गठ्ठ्यात. मी पाच ताऱ्यांचं रेटिंग बनवून तयार ठेवलं होतं. त्याच रात्री ते काढलं आणि प्रत्येक पुस्तकाच्या पानावर तारखांची चिठ्ठी घातली. नुसत्या तारखा, नावं नाहीत. कुणी काय वाचलं हे गावात उघडं पडलं की वाचनालय बाजूला राहतं आणि वेगळाच विषय सुरू होतो.

दुसरं, लोक पुस्तकाचं नाव सांगतच नाहीत. "मामा, ते मागल्या खेपेचं, निळ्या कव्हरचं, धरणात गाव जातं ते." मामा न बोलता उठतात आणि काढून देतात. म्हणजे आठवण रंगावर आणि विषयावर बसलेली असते. त्यावरून मी रंगाने शोधायची सोय केली, आणि तिथंच पहिला आपटलो. कव्हरं नेटवरून उतरवलेली, आणि आमची निम्मी पुस्तकं बाइंडिंग करून घेतलेली, वर तपकिरी पुठ्ठा आणि पाठीला काळं कापड. नेटवर निळं दिसणारं पुस्तक कपाटात तपकिरी. तेव्हा कव्हरचे फोटो स्वतः काढा, तुमच्या कपाटातल्या प्रतीचेच काढा, कोपरा फाटका असला तर फाटकाच. दारातल्या उजेडात पांढऱ्या कागदावर पुस्तक ठेवून काढलं की पुरतं, ट्यूबलाइटखाली काढू नका, वरचं प्लास्टिक चमकतं आणि नाव वाचता येत नाही.

पायरी २: रूपक कुठलं घ्यायचं

स्क्रीनवरची गोष्ट समजावी म्हणून खऱ्या जगातली ओळखीची जागा उसनी घ्यायची, हे जुनंच आहे. झेरॉक्सनं १९८१ साली स्टार नावाचा कंप्युटर आणला, त्यात स्क्रीन म्हणजे ऑफिसातलं टेबल, त्यावर कागद आणि फोल्डर. १९८४ ला ॲपलच्या मॅकिंटॉशनं तीच कल्पना सामान्य लोकांपर्यंत नेली आणि आज आपण ज्याला डेस्कटॉप म्हणतो ते म्हणजे टेबलच आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही, इतकं ते मुरलं. उलट १९९५ साली मायक्रोसॉफ्टनं बॉब म्हणून एक प्रकार काढला, स्क्रीनवर अख्खं घर, खोल्या, खोलीत घड्याळ, मदतीला बोलणारा कुत्रा. वर्षभरात गुंडाळलं. घर दिसत होतं खरं, पण साधं कॅलेंडर बघायलाही त्या घरातून हिंडायचं, आणि असं घरात हिंडून हिशेब किंवा पत्रं कोण करतं? फळ्यांचं उदाहरण तर आपल्याच विषयातलं, २०१० ला आयपॅडबरोबर आयबुक्स हे पुस्तकं वाचायचं ॲप आलं त्यात छान लाकडी फळ्या होत्या, २०१३ साली आयओएस ७ मध्ये, म्हणजे आयफोन-आयपॅड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ॲपलनं सगळं सपाट करायला घेतलं आणि ते लाकूडही गेलं. कुणाचं वाचन त्यानं अडलं नाही.

मी तीन रूपकं करून बघितली. पहिलं आठवडी बाजार, प्रत्येक विषयाचा एक पाल, दिसायला झकास. दाखवलं तर पहिलाच प्रश्न, "ह्याला पैसे पडतात काय?" बाजार म्हटलं की घासाघीस आणि पैसे आलेच, ते डोक्यातून काढता येत नाही. दुसरा वाडा, ओसरी, माजघर, परसू. मला स्वतःला फार आवडलेला. पोरांना माजघर म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, ते एक वेळ शिकवता आलं असतं, पण कमिटीतलेच एक जण शांतपणे म्हणाले, "आमच्या आज्जाला वाड्यात ओसरीच्या आत कधी घेतलं न्हाई बाबा. तू पुस्तकं माजघरात ठेवलास होय?" ती फाइल मी पुन्हा उघडली नाही.

तेव्हा माझी कसोटी अशी: तुमच्या प्रत्येक वाचकाचा जिथं हक्काने पाय पडलाय अशी जागा निवडा. आमच्याकडं ती जागा म्हणजे ते वाचनालयच निघालं, गावातलं, गळक्या कौलांचं. परदेशी फोटोतल्या उंच गोल शिड्यांच्या लायब्ररीचं चित्र घेऊ नका, तिथं आपलं कुणीच गेलेलं नाही.

पायरी ३: तीन रकान्यांचा कागद

हीच खरी डिझाइनची पायरी, बाकी सगळी रंगरंगोटी. कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात वाचनालयातली वस्तू, दुसऱ्यात माणसं तिचं काय करतात, तिसऱ्यात स्क्रीनवर त्याचं काय होणार. दुसरा रकाना रिकामा राहिला तर ती वस्तू स्क्रीनवर घ्यायची नाही, मग ती कितीही देखणी असो. भिंतीवरचं घड्याळ, फोटो, सरस्वतीची मूर्ती, खिडकीतली झाडाची कुंडी, सगळं माझ्या कागदावर असंच खोडलं गेलं. (मूर्ती नंतर परत आली, कमिटीचा ठराव झाला, तिथं डिझाइन चालत नाही.)

माझ्या कागदावर उरलं ते सांगतो. पेपरचं टेबल: लोक येताजाता चाळतात, म्हणून उघडल्याउघडल्या हेच, वर नवीन आलेली पुस्तकं आणि वाचनालयाच्या सूचना. परत आलेला गठ्ठा: लगेच त्याच्याखाली, आज परत आलेली पुस्तकं एकावर एक. देवघेवीचं टेबल: माझ्याकडं काय आहे, कधी परत करायचं, काय राखून ठेवलंय. कपाटं: नंबरासकट, जशी खोलीत आहेत त्याच क्रमाने, दारातून आत आल्यावर डावीकडून उजवीकडं. मामा: शोधायची जागा. त्यावर "शोधा" न लिहिता "मामांना विचारा" लिहिलं आणि लोक तिथं नुसता एक शब्द न टाकता वाक्यं टाकायला लागले, ते पुढं बोलतो.

काचेच्या कपाटाची गोष्ट मात्र नीट वाचा, रूपकाचा खरा फायदा मला इथं कळला. आमच्याकडं दोन कपाटांना काच आणि कुलूप आहे. पुस्तक दिसतं, पण हवं असेल तर मामांना सांगावं लागतं. आता कॉपीराइटचा प्रश्न घ्या. भारतात लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षाच्या सुरुवातीपासून मोजून. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे त्यांचं हयातीत छापलेलं लेखन २०११ च्या १ जानेवारीपासून खुलं. असली पुस्तकं स्कॅन करून पूर्ण वाचायला ठेवता येतात. (भाषांतर असेल तर भाषांतरकाराचा हक्क वेगळा मोजायचा, आणि नव्या आवृत्तीतली प्रस्तावना, चित्रं ज्याची त्याची, ती स्कॅन करू नका.) बाकीची पुस्तकं नुसती यादीत. हा फरक लोकांना कसा सांगायचा? मी आधी लांबलचक सूचना लिहिली होती, कुणीही वाचली नाही. मग खुली पुस्तकं "मुक्तद्वार" टेबलावर मांडली आणि बाकीची काचेमागं. कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. काचेमागचं पुस्तक दाबलं की "वाचनालयात येऊन न्या" आणि "राखून ठेवा" एवढी दोनच बटणं येतात.

पायरी ४: रूपक जिथं तुटतं तिथं तुटू द्या

खरं पुस्तक एका वेळी एकाच कप्प्यात बसतं. शिवकाळावरची कादंबरी इतिहासात ठेवायची की कादंबऱ्यांत? मामा कादंबऱ्यांत ठेवतात, मास्तरांना ती इतिहासात पाहिजे. स्क्रीनवर दोन्हीकडं दाखवता येते, दाखवा, पण खरी जागा एकच लिहा: "कपाट ७, वरून तिसरा कप्पा". दुसऱ्या ठिकाणी कव्हर जरा फिकट दाखवून खाली "कपाट ७ मधून" असं लिहिलं. त्याआधी एका पोरानं दोन प्रती आहेत समजून मामांशी वाद घातलेला.

तसंच खऱ्या जागेतला त्रास प्रामाणिकपणानं स्क्रीनवर आणायचा नाही. मी कपाटाचं दार उघडण्याचं ॲनिमेशन केलं होतं, बिजागरीच्या करकर आवाजासकट, फार खूश होतो त्याच्यावर. पहिल्यांदा सगळे हसले, तिसऱ्यांदा वैतागले. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला चौथा म्हणतो वाचकाचा वेळ वाचवा. प्रत्येक कपाटाला पाऊण सेकंद दार उघडत बसलं तर अकरा कपाटं हिंडेपर्यंत माणूस रील बघायला गेलेला असतो. पान उलटण्याचं ॲनिमेशन, थ्रीडी खोलीत चालत जाणं, सगळं ह्याच नियमाने कापा. थ्रीडीला आणखी एक कारण, साध्या स्वस्त फोनवर ते गरम होऊन अडकतं.

पायरी ५: कपाटांची नावं

पुस्तकांना विषयवार आकडे देणारी ड्युई पद्धत १८७६ सालची आणि मोठ्या लायब्ररीला चांगलीच आहे, पण गावच्या वाचनालयात वाचकाला ती दाखवू नका. तिच्यात मराठी साहित्याचा आकडा ८९१.४६, त्यातल्या कादंबऱ्या-कथा ८९१.४६३. आमच्याकडची जवळजवळ सगळी पुस्तकं त्याच एका आकड्यात येतात, म्हणजे वाटणी झालीच नाही. आणि कन्नड साहित्य ८९४.८१४ ला, आमच्या गल्लीत भिंतीला भिंत लावून असलेल्या दोन भाषा तिथं लांब लांब बसतात. आकडा आत रेकॉर्डमध्ये असू दे, उद्या कोहा किंवा ई-ग्रंथालयसारख्या सॉफ्टवेअरमध्ये जायचं झालं तर लागेल.

नावं काढायची सोपी पद्धत: साठ-सत्तर पुस्तकांची नावं चिठ्ठ्यांवर लिहा, पाच-सहा वाचकांना एकेक करून बसवा, म्हणा लावा ढीग आणि ढिगाला नाव द्या. आम्हाला "चरित्र" आणि "आत्मचरित्र" वेगळं ठेवणारा एकही माणूस मिळाला नाही. "शेती, गुरं, झाडपाला" असा एक ढीग तिघांनी लावला. "परीक्षेचं" हा ढीग पोरांनी लावला, त्यात त्यांनी स्पर्धा परीक्षा आणि व्याकरण एकत्र टाकलं, आणि शब्दकोशही. तीच नावं घ्या. दिवाळी अंकांना स्वतंत्र कपाट द्या, ते कुठल्याच विषयात बसत नाहीत आणि दिवाळीनंतर दोन महिने दुसरं काही कुणी मागत नाही.

नाव मराठीत, त्याच्याखाली बारीक कन्नडमध्ये. गावातली बरीच पोरं कन्नड मीडियमला आहेत, घरात बोलतात मराठी, पण देवनागरी अडखळत वाचतात. हा भाषेच्या मानापमानाचा विषय करू नका, कपाटावर दोन्ही लिपी असल्या की तेच पोरगं मराठी पुस्तकापर्यंत पोचतं.

पायरी ६: कॅरमबोर्डावर टेस्टिंग

कोड लिहायच्या आधी कागदावर करून बघा. आम्ही वाचनालयातला कॅरमबोर्ड घेतला, त्यावर पोस्टकार्डाएवढे कागद, एकेक कागद म्हणजे मोबाईलची एकेक स्क्रीन. समोरच्यानं बोट ठेवलं की मी कागद बदलायचा. पावडर होतीच बोर्डावर, कागद सरसर सरकत होते.

पहिल्या स्क्रीनवर मी वाचनालयाच्या दाराचं सुंदर चित्र काढलं होतं, दार दाबलं की आत. शेजारच्या आज्जींना बसवलं. म्हटलं, आज्जी, एखादी कादंबरी काढा बघू. त्या चित्राकडं बघत राहिल्या.

"दाबा की आज्जी."

"काय दाबू? दार उघडंच हाय की. उघड्या दाराला परत उघडायचं कशाला?"

चित्रात दार उघडंच काढलं होतं मी. गेली ती स्क्रीन. आता लिंक दाबली की सरळ आतच.

काम देताना बटणाचं नाव तोंडातून जाऊ देऊ नका. "राखून ठेवा दाबा" म्हटलं की सगळे पास. "हे पुस्तक तुम्हाला शनिवारी न्यायचंय, दुसऱ्या कुणी नेऊ नये" असं म्हणा आणि गप्प बसा. बोट कुठं थांबतं, कुठं हवेतच फिरतं, ते वहीत लिहा. मदत करायची फार इच्छा होते, हात मांडीखाली दाबून बसा. पाच-सहा जणांत मोठ्या चुका बाहेर येतात, त्यानंतर दुरुस्त करून परत पाच-सहा जण. एकदमच तीस जणांना दाखवून तेच तेच ऐकण्यात अर्थ नाही.

पायरी ७: अक्षरं आणि पुस्तकाच्या पाठी

पुस्तकांच्या पाठी उभ्या दाखवायचा मोह होतो. इंग्रजीत अक्षर खाली अक्षर रचता येतं, देवनागरीत तसं केलं की शिरोरेषा तुटते, जोडाक्षरांची हाडं वेगळी होतात, वेलांटी एका ओळीत आणि अक्षर दुसऱ्या. आडवं फिरवून लावलं तर मान वाकडी करावी लागते, खऱ्या कपाटासमोर करतोच की म्हणाल, पण फोन हातात असताना कोण करतं. मी पाठी सोडल्या आणि पुस्तकं आडवी, एकावर एक गठ्ठ्यासारखी ठेवली, नाव सरळ वाचता येतं आणि परत आलेल्या गठ्ठ्याशी जुळतंही.

अक्षरांमध्ये जागा वाढवायची सेटिंग शून्यावरच ठेवा, नाहीतर शिरोरेषेला भेगा पडतात. ओळींतलं अंतर अक्षराच्या दीडपट किंवा थोडं जास्त, वर रफार-अनुस्वार आणि खाली उकार असतात, त्यांना श्वास पाहिजे. फाँटमध्ये मजकुराला मुक्ता चांगला, आणि कपाटांच्या नावांना बालू घेतला, कारण बालूचं कन्नड भावंड बालू तम्मा आहे, दोन्ही लिप्या एकाच हातानं लिहिल्यासारख्या दिसतात. नोटो फाँटमध्येही दोन्ही लिप्या मिळतात.

मागं लाकडाचं टेक्श्चर टाकू नका. अक्षर आणि पार्श्वभूमी यात निदान ४.५ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ-गडदपणातला फरक, लागतो, लाकडाच्या रेघांवर तो कुठं मिळतो कुठं नाही. बटणं अँड्रॉइडच्या शिफारशीप्रमाणे ४८ डीपी (स्क्रीनवरच्या मापाचं एकक), म्हणजे साधारण ९ मिलिमीटर, शेतात काम केलेल्या बोटांना त्याहून लहान जमत नाही. आणि कपाटाचं चित्र हे आतून साधी यादीच असलं पाहिजे, म्हणजे डोळ्यांनी अधू माणूस टॉकबॅक (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी फोनमधली सोय) लावून ऐकेल तेव्हा त्याला "चित्र, चित्र, चित्र" न ऐकता "कपाट ७, कादंबऱ्या" असं ऐकू येईल.

पायरी ८: मामांना विचारा, म्हणजे शोध

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेला नंबर, आणि आमची जुनी यादी नॉन-युनिकोड फाँटमध्ये टाइप केलेली होती, उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ. कन्व्हर्टरमधून काढली तरी रफार आणि पहिली वेलांटी चुकतातच, एकदा डोळ्यांखालून घालावीच लागते. आम्ही दहावीच्या सुट्टीतली चार पोरं बसवली, एकानं पुस्तक वाचायचं आणि दुसऱ्यानं यादी तपासायची.

मग एकाच शब्दाची पंधरा रूपं. शोधासाठी प्रत्येक नावाची एक आतली प्रत ठेवा, दाखवायची नाही, फक्त जुळवायला. तिच्यात ऱ्हस्व-दीर्घ एक करून टाका, "सन्त" आणि "संत" एक करा, नुक्ता (अक्षराखालचं टिंब) काढा, आणि न दिसणारे जोडणारे कॅरेक्टर काढून टाका. "ॲ" हे अक्षरच तीन तऱ्हेनं टाइप होतं, एकसंध, किंवा अ वर चंद्र, किंवा मधे ते न दिसणारं जोडणारं ठेवून. दिसायला तिन्ही सारखी, कंप्युटरला तिन्ही वेगळी. वाचकानं टाकलेला शब्दही ह्याच चाळणीतून काढा आणि मग जुळवा.

कन्नड कीबोर्डवरून शोधणाऱ्यांसाठी एक सोपी युक्ती आहे. युनिकोडमध्ये देवनागरी आणि कन्नड एकाच साच्यावर मांडलेत, देवनागरी क चा नंबर २३२५ आणि कन्नड क चा ३२२१, फरक ८९६. प्रत्येक कन्नड अक्षराच्या नंबरातून ८९६ वजा केले की जवळजवळ सगळं देवनागरीत येतं. दोन गोष्टी सांभाळा, कन्नडमध्ये ए आणि ओ ऱ्हस्वही असतात, ते आपल्या साध्या ए-ओ वर आणायचे. आणि कन्नड लिहिणारे "तुकाराम" च्या शेवटी म ऐवजी अनुस्वार देतात, तो शब्दाच्या शेवटी असला तर म धरायचा. हे फक्त कन्नडमधून आलेल्या शब्दालाच करा, नाहीतर आपलं "पुस्तकं" म्हणजे "पुस्तकम" होऊन बसतं.

इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करणारे सगळ्यात जास्त. तिथं स्वर काढून टाका आणि व्यंजनांचा सांगाडा जुळवा, तुकाराम चा त क र म. कधी भलतंच येतं, पण पहिल्या पाचांत हवं ते सापडतं.

आता आमची आवडती भानगड. "संत" टाकलं की काय दाखवायचं? संतवाङ्मयाचं अख्खं कपाट, आणि आपल्या बेळगावच्या इंदिरा संत. मशीन दोन्ही मिसळून टाकतं, अभंगांच्या मधेच कविता. मामा काय करतात ते बघितलं. मामा विचारतात, "इंदिराबाईंचं, की अभंग?" मी तेच केलं, वर दोन चिठ्ठ्या, "लेखकाच्या नावात" आणि "विषयात", दोन्ही उघड्या. "निळ्या कव्हरचं धरणावरचं" असं वाक्य आलं तर रंगाचा शब्द वेगळा उचलायचा आणि उरलेले शब्द विषयात शोधायचे, विषयाच्या दोन ओळी मामांनी सांगून लिहून घेतल्यात.

अक्षरवारीत यादी लावताना आणखी एक. नुसत्या युनिकोडच्या नंबरांनी लावलं तर ळ हा ल आणि व च्या मधे येतो, क्ष जातो क मध्ये आणि ज्ञ ज मध्ये. आपल्या लोकांना हे तिन्ही ह नंतर शेवटी पाहिजेत. ब्राउझरमध्ये इंटल कोलेटर (Intl.Collator) नावाची अक्षरवारी लावायची तयार सोय असते, तिला मराठी लोकेल, म्हणजे भाषेची सेटिंग, दिली की नीट लागतं.

पायरी ९: लिंक आणि नेटवर्क

लोक येणार व्हॉट्सॲपवरून. कुणीतरी एका पुस्तकाची लिंक ग्रुपवर टाकतं आणि माणूस थेट सातव्या कपाटासमोर उभा राहतो, पेपरचं टेबल त्यानं बघितलेलंच नसतं. म्हणून प्रत्येक पुस्तकाला स्वतःची लिंक, आणि प्रत्येक पानावर वर एक ओळ: वाचनालय, कपाट ७, कप्पा ३. लॉगिन फक्त राखून ठेवताना मागा, वाचताना बघताना नाही.

जांबोटी-कणकुंबीकडं नेटवर्कचा भरवसा नसतो, तेव्हा यादी एकदाच फोनमध्ये उतरवून ठेवा. देवनागरीचं एक अक्षर यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवायची नेहमीची पद्धत) तीन बाइट घेतं, तरी साडेतीन हजार पुस्तकांची नावं आणि लेखक मिळून एक एमबीच्या आत बसतात. शोध फोनवरच चालतो, रेंज नसली तरी. कव्हरचे फोटो मात्र बारीक करा, वीस-तीस केबीचे, आणि डोळ्यासमोर येतील तसेच उतरू द्या.

पायरी १०: रोज संध्याकाळी दहा मिनिटं

हे ठरल्याशिवाय सुरूच करू नका. परत आलेला गठ्ठा कालचा दिसला की दुसऱ्या दिवशी कुणी उघडून बघत नाही. मामा टाइप करणार नाहीत, त्यांनी स्पष्ट सांगितलं. बारकोडवर विसंबू नका, जुन्या मराठी पुस्तकांना आयएसबीएन, म्हणजे बारकोडमधला पुस्तकाचा नंबर, नसतोच. दाखल क्रमांकाचे (वाचनालयाच्या नोंदवहीतल्या पुस्तकाच्या नंबराचे) क्यूआर स्टिकर छापून घेतले आणि मागच्या कव्हरच्या आतल्या बाजूला लावले, बाहेर लावले तर आमच्या पावसात सुटतात आणि कसर डिंक खाते. आता वाचनालय बंद करताना मामा गठ्ठ्यातल्या एकेका पुस्तकाचं मागचं पान उघडून फोन धरतात, टुक् आवाज आला की पुढचं. टुक् आवाज त्यांनी मागून घेतला, ठेवलाय.

कपाट ९ चे फोटो अजून व्हायचेत. पावसात त्याचं दार फुगतं आणि ओढून उघडलं तर बिजागरी हातात येते, म्हणून स्क्रीनवरच्या कपाट ९ वरही चिठ्ठी लावून ठेवलीय: दार फुगलंय, दिवाळीनंतर उघडेल.